कावेरीकाठचे पितृस्मरण

मृतांसाठी वर्षातील काही दिवस राखून ठेवण्याची चाल जगातील बहुतेक समाजांत आढळते. मेक्सिको देशात नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखांना घरोघर वेदी मांडतात. तिच्यावर गेलेल्या माणसांच्या तसबिरी, मेणबत्त्या, गोड पाव आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आणि कित्येक गावी सारे कुटुंब स्मशानात जाऊन कबरीपाशी रात्र जागवते. या उत्सवाला युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जपानात ओबोनच्या दिवसांत दिवे लावून पूर्वजांना घरी बोलावतात आणि पुष्कळ ठिकाणी पाण्यावर दिवे सोडून त्यांना निरोप देतात. चिनी लोक वसंत ऋतूतील एका ठरलेल्या दिवशी वाडवडिलांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात. प्रकार निरनिराळे असले, तरी त्यामागील भावना एकच. माणूस गेला म्हणून तो घरातला राहिला नाही असे मानावयास मन तयार होत नाही.

मराठी माणसाजवळ या जातीची जी परंपरा आहे ती पितृपंधरवड्याची. पण या पंधरवड्याविषयी त्याच्या मनात थोडी अढी असते. या दिवसांत कोणी नवे कापड घेत नाही, कोणी सोयरीक जुळवीत नाही, कोणी घराचा पाया घालीत नाही. त्यामुळे हे दिवस म्हणजे कसेबसे उरकावयाचे उदास दिवस, अशी समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आलेला आहे, आणि श्राद्धाचा मध्यबिंदू शोक हा नसून पंगत हा आहे. पितृपक्षात मराठी घर रडत नाही. ते स्वयंपाक करते, पाने मांडते आणि वाट पाहते.

कोणत्याही चालीरीतीचे खरे स्वरूप कळावयाचे असेल, तर ती स्वदेशापेक्षा परदेशी पाहावी. घरी असताना माणूस सगळेच जपतो, कारण त्याला निवड करावी लागत नाही. दूर गेल्यावर मात्र काय टिकवावयाचे आणि काय सोडावयाचे याचा निर्णय पिढीगणिक करावा लागतो. मराठी पितृस्मरणाची अशी कसोटी जेथे तीन शतकांहून अधिक काळ लागली, ते ठिकाण म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणम आणि त्याच्या आसपासचा तंजावर प्रांत होय.

कुंभकोणम हे नगर दोन पाण्यांच्या मध्ये वसले आहे. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस तिचाच फाटा असलेली अरसलारू. गावात देवळांची दाटी, देवळांपुढे पुष्करिणी, आणि नदीवर पायऱ्यांचे घाट. घाटाला तेथे ‘पडित्तुरै’ म्हणतात. या सर्व जलाशयांत महामहम नावाचा तलाव प्रमुख. सुमारे सहा एकरांच्या या तलावाच्या चारी अंगांनी सोळा मंडप आहेत. नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने ते बांधविले असे सांगतात. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असता, माघी पौर्णिमेच्या सुमारास चंद्र मघा नक्षत्री आला, म्हणजे या तलावात स्नानासाठी लक्षावधी लोक लोटतात. मराठी श्रोत्याला हे गणित नवे वाटण्याचे कारण नाही. गुरू सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. २०१५ साली गोदावरीवर सिंहस्थाची स्नाने झाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत कुंभकोणमला महामहम पार पडला. एकाच घड्याळावर दोन नद्यांचे पर्व चालते. त्या दिवशी गंगा, यमुना, नर्मदा, कृष्णा, कावेरी अशा नऊ नद्या या तलावात येऊन मिळतात अशी स्थानिक श्रद्धा आहे, आणि त्या नवांत गोदावरीचेही नाव आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या मघा नक्षत्रावरून या पर्वाला नाव मिळाले, त्या नक्षत्राची देवता पितर ही होय.

या गावी मराठी भाषा गेली ती भोसल्यांच्या राज्याबरोबर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास आपली सत्ता स्थापन केली. त्यांच्यामागून कारकून, फडणीस, शिलेदार, कीर्तनकार, पंडित, पुरोहित अशी कितीतरी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात उतरली. १७९९ साली राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती घेतला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर राज्य संपुष्टात आले. राज्य गेले, पण घरे राहिली. कुंभकोणमच्या अशाच एका मराठी घराण्यात १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. हे पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे आप्त रघुनाथराव हेही कुंभकोणमचेच. तेही इंदूरचे दिवाण होते आणि विधवाविवाहाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. एवढ्यावरून दिसून येईल, की या घरांतील माणसे लांबलांबच्या मुलुखांत चाकरीस जात. आणि जो दूर असतो त्यालाच तिथीचे महत्त्व अधिक कळते.

तिथी हा शब्द तेथे विशेष अर्थाने रूढ आहे. तमिळ माणूस श्राद्धाला ‘तिवसम्’ म्हणतो आणि श्राद्ध करण्याला ‘तिथी देणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरतो. जणू गेलेल्या माणसाची वर्षातील एक तिथी वंशजाकडे ठेव म्हणून असते आणि ती त्याला परत द्यावयाची असते. ही तिथी मोजण्यात मात्र मराठी आणि तमिळ घरांत जुना भेद आहे. तमिळ पंचांगाचे महिने सूर्याच्या राशींवर चालतात. तेव्हा चित्तिरै, आडि, पुरट्टासि, तै अशा सौर महिन्यांत येणारी तिथी तमिळ कुटुंब पाळते. मराठी घरे मात्र चैत्र-वैशाखाच्या चांद्रमासांना धरून राहिली. परिणामी, एकाच गल्लीतील दोन शेजारी एकाच दिवशी निवर्तले, तरी त्यांची वर्षश्राद्धे पुढे एखादे वर्षी महिन्याच्या अंतराने येऊ शकतात. शेजार एक, नदी एक, पुष्कळदा स्वयंपाकही एकसारखाच. पण मृतांचा पत्ता ज्यात लिहावयाचा ते पंचांग मात्र गोदावरीकाठचे राहिले.

अमावास्येला हा भेद उरत नाही. आडि, पुरट्टासि आणि तै या तीन महिन्यांच्या अमावास्या तमिळ प्रांतात पितरांसाठी मोठ्या मानतात. यांपैकी पुरट्टासीतली अमावास्या म्हणजेच मराठी लोकांची सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी पहाटेपासून कावेरीचे घाट माणसांनी भरून जातात. ओल्या पंचाने बसलेले यजमान, दर्भाची पवित्रके, तांब्याच्या ताम्हनात काळे तीळ आणि तर्जनी व अंगठा यांच्यामधून सोडलेले पाणी. देवांना बोटांच्या टोकांवरून पाणी द्यावे आणि पितरांना अंगठ्याच्या बाजूने, हा नियम भीमेच्या वाळवंटात आहे तसाच कावेरीच्या पायऱ्यांवरही आहे. श्राद्धाच्या दिवशी दारात रांगोळी काढावयाची नाही, हाही संकेत दोहोंकडे सारखाच आहे.

शास्त्राने एका वर्षात श्राद्धाचे ९६ प्रसंग सांगितले आहेत. संसारी माणसाच्याने ते होण्यासारखे नाहीत. म्हणून व्यवहारात वर्षश्राद्ध आणि महालय एवढे दोनच मुख्य उरले. त्यांपैकी वर्षश्राद्ध हे एका व्यक्तीचे असते. महालय हा साऱ्या गोताचा. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच्या या पंधरवड्याची आखणी पाहिली, म्हणजे ती करणाऱ्यांच्या विचारीपणाचे कौतुक वाटते. ज्याची जी मरणतिथी, तो त्याचा दिवस. नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी. संन्याशांसाठी द्वादशी. शस्त्राने वा अपघाताने मेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्या सर्वांसाठी अमावास्या. मरणाचा असा कोणताही प्रकार उरत नाही, की ज्याला या पंधरवड्यात जागा नाही. नुसते बाप-आजेच नव्हेत, तर मातेकडील आजोबा, चुलते, मामा, आत्या, मावशी, सासरा, गुरू आणि मित्र यांचीही नावे महालयात घ्यावयाची असतात.

नावे घेणे हा श्राद्धाचा पहिला प्राण होय. पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार गोत्रासह करावयाचा. पित्याला वसूचे, आजाला रुद्राचे आणि पणज्याला आदित्याचे रूप मानावयाचे. तसाच उच्चार आई, आजी आणि पणजी यांचा. तीनच पिढ्या का, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर काहीही असो, व्यवहारातील उत्तर उघड आहे. मनुष्याने आजोबा डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि त्या आजोबाच्या तोंडून त्याच्या बापाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्यापलीकडे माणसाची आठवण पोचत नाही. श्राद्धातील तीन पिढ्या म्हणजे जिवंत स्मृतीची लांबी होय. यजमान स्वतः निवर्तला, म्हणजे त्याचा मुलगा त्याचे नाव पहिल्या जागी घालतो, आणि वरचा पणजा आपली जागा सोडून अनाम पूर्वजांच्या समुदायात मिसळून जातो. विसरण्यासाठी देखील एक शिस्त घालून दिलेली आहे.

नावांची ही ओढ तंजावरच्या राजघराण्याने दगडावर उमटवून ठेवली आहे. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. जगातील अतिशय लांब शिलालेखांत त्याची गणना होते. चोळ राजांनी बांधलेल्या देवळात, तमिळ मुलुखाच्या मध्यभागी, मराठी भाषेत आपल्या पूर्वजांची नावे ओळीने मांडावीत, असे त्या राजाला वाटले. त्या वेळी त्याच्या हातचा कारभार गेलेला होता. सत्ता गेली, म्हणजे वंशावळ अधिक प्रिय होते, हा मनुष्यस्वभाव आहे. साधारण घराला शिलालेख परवडत नाही. त्याचा शिलालेख म्हणजे वर्षातून एकदा दर्भ हाती घेऊन केलेला नामोच्चार.

श्राद्धाचा दुसरा प्राण स्वयंपाकघरात आहे. कुंभकोणमच्या मराठी घरात त्या दिवशी तीन भाषा नांदतात. मंत्र संस्कृतात, बाजारहाट तमिळमध्ये आणि चुलीपुढचे बोलणे मराठीत. पुष्कळांना देवनागरी वा मोडी वाचता येत नाही. ते शिकले तमिळ शाळेत. पण काय शिजले, किती तिखट झाले, कोणी वाढावयाचे, हे आईने मुलीला, सासूने सुनेला मराठीतच सांगावयाचे, असा तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ पडला. त्या मराठीत जुनी वळणे आहेत आणि तमिळचे शब्दही मिसळले आहेत. भाषा राजवाड्यात टिकली नाही ती चुलीपाशी टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

या पानावरील पदार्थही पाहण्यासारखे आहेत. खीर आणि उडदाचे वडे महाराष्ट्रात आहेत तसे तेथेही आहेत. पण भाज्यांत कावेरीकाठची चाल शिरली आहे. कारले, कच्ची केळी, केळीचा कोका, सुरण, अळकुड्या यांचा त्यांत मान मोठा. तमिळ प्रांतात एक कथा सांगतात. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलाविले. विश्वामित्रांनी १००८ भाज्या हव्यात अशी अट घातली. अरुंधतीने कारले, फणस, हाडजोडीच्या वेलीची चटणी आणि आणखी आठ भाज्या वाढल्या. आमंत्रित रागावले, तेव्हा ती म्हणाली, श्राद्धात कारले शंभर भाज्यांच्या जागी, हाडजोडी तीनशेंच्या जागी आणि फणस सहाशेंच्या जागी मानतात; त्यांत ही आठ मिळविली की हिशेब पुरा झाला. गरीब घरच्या गृहिणीच्या बाजूने इतके सुंदर उत्तर दुसरे क्वचितच सापडेल.

जुन्या वळणाच्या घरांत या स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो आणि मिरची यांना प्रवेश नसतो. तिखटपणासाठी मिरे वापरतात. या तिन्ही वस्तू अमेरिका खंडातून आल्या. पोर्तुगीज गलबते आल्यानंतर भारतीय स्वयंपाकघरात त्यांचा शिरकाव झाला. पण पितरांच्या पानाने त्यांना आत येऊ दिले नाही. पणज्याच्या पणज्याने जे खाल्ले नव्हते, ते त्याला वाढावयाचे नाही, असाच जणू निश्चय. अशा रीतीने श्राद्धाचे पान हे भारताच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या आहाराचे एक जिवंत दप्तर होऊन बसले आहे. गंमत अशी, की झेंडूही मेक्सिकोचाच. तेथे तो मृतांचे फूल. येथे तो दसऱ्याच्या तोरणात गेला, आणि पितरांच्या वाट्याला तुळस व माका राहिले. मेक्सिकोतील गृहिणी आपल्या मृतांसाठी मिरचीचे कालवण करते आणि कुंभकोणमची गृहिणी आपल्या मृतांसाठी मिरची टाळते. दोघींचा हेतू मात्र एकच, की त्यांना त्यांच्या ओळखीची चव मिळावी.

येथवरचे सर्व वर्णन नियमांचे झाले. पण नियमांना एक प्रश्न सदैव विचारला जातो, आणि तो श्राद्धालाही विचारला गेला आहे. पितरांसाठी शिजविलेले अन्न दारात उभ्या असलेल्या भुकेल्याला द्यावे की नाही? या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. एक गोदावरीकाठी मिळाले, दुसरे कावेरीकाठी.

पहिले उत्तर पैठणच्या एकनाथांचे. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. महिपतींच्या संतचरित्रांमुळे ही कथा घरोघर पोचली आहे. एकनाथांच्या घरी श्राद्ध होते. पक्वान्नांचा वास रस्त्याने जाणाऱ्या महारांच्या कुटुंबाला आला, आणि असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे त्यांच्यातील कोणी बोलले. नाथांच्या कानी ते शब्द पडले. त्यांनी गिरिजाबाईंना सांगून ते सारे अन्न त्यांना पोटभर वाढविले आणि श्राद्धासाठी पुन्हा स्वयंपाक करविला. निमंत्रित ब्राह्मण रुष्ट होऊन आले नाहीत. तेव्हा नाथांचे पितर स्वतः येऊन पानावर बसले आणि जेवून तृप्त झाले, असे कथा सांगते.

दुसरे उत्तर कुंभकोणमच्या जवळच, तिरुविशनल्लूर या गावी मिळाले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव चाळीसांहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजिराजपुरम् असे नाव पडले. त्या गावी श्रीधर वेंकटेश नावाचे विद्वान शिवभक्त राहत. लोक त्यांना आदराने अय्यावाळ म्हणतात. त्यांच्या घरी वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यावयाचे होते. इतक्यात दारी अस्पृश्य मानलेला एक भुकेला मनुष्य आला. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला दिले. ग्रामस्थांनी ठरविले, की काशीस जाऊन गंगास्नान केल्यावाचून हा दोष जाणार नाही. काशी किती दूर आणि श्राद्धाची तिथी तर आजची. अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली आणि अंगणातील विहिरीत गंगा उसळून आली, अशी आख्यायिका आहे. कार्तिकातील अमावास्येस तेथे आजही उत्सव होतो आणि त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी दूरदूरचे लोक रांगा लावतात.

या दोन कथांत जवळजवळ एका शतकाचे अंतर आहे, आणि भाषेचे, देशाचे, उपास्य देवाचेही अंतर आहे. तरी त्यांचा निर्णय एक आहे. दोघांपैकी कोणीही श्राद्ध सोडले नाही. एकनाथांनी पुन्हा चूल पेटविली. अय्यावाळांनी तिथी चुकविली नाही. कर्म मोडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. कर्माचा अर्थ त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेणे हा होता. पितरांची तृप्ती अन्नाने होते, तर ते अन्न ज्याच्या पोटात भुकेची आग आहे त्याच्याहून अधिक योग्य मुखी कोठे पडणार? आणि ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की ज्या गावाने अय्यावाळांना दोष दिला, तेच गाव आज त्या दोषाचा दिवस उत्सव म्हणून पाळते.

हाच विचार तंजावरच्या मराठी राजांनी दगडविटांत उभा केला. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली. अन्नछत्रातले छत्र ते हेच. तमिळमध्ये त्याचे ‘चत्तिरम्’ झाले. यांतील कित्येक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळपुरम् हे छत्र सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले. ती त्यांची विवाहित राणी नव्हती, पण प्रिय होती. आपल्या नावे छत्र व्हावे ही तिची अखेरची इच्छा होती असे सांगतात. वंशावळीत जिला जागा मिळाली नसती, तिचे नाव या छत्राने राखले. पुढे त्याच वास्तूत विद्यार्थ्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय झाली.

या छत्रांचे काम कसे चाले याचे वर्णन सरफोजीराजांनी स्वतः केले आहे. कंपनी सरकारने ही छत्रे आपल्या हातून काढून घेऊ नयेत, म्हणून त्यांनी १८०१ साली रेसिडेंटाला पत्र लिहिले. त्यात ते सांगतात, की ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना, तसेच जोगी, जंगम, अतीत आणि फकीर यांनाही छत्रात शिजलेला भात मिळतो, आणि जे शिजलेले घेत नाहीत त्यांना कोरडा शिधा देतात. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवितात आणि कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे अशी हाक देतात. आजारी वाटसरूंना औषधपाणी मिळते. कोणी वाटेतच मरण पावला, तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार करतात. एका परक्या राजसत्तेपुढे आपले म्हणणे मांडताना, राज्य गमावलेल्या राजाने मागावे ते काय? उपाशी माणसाला हाक मारण्याचा अधिकार.

श्राद्धविधीच्या शेवटी जे तर्पण करतात, त्याचा आणि या घंटेचा सूर एकच आहे. सर्व आप्तांची नावे संपली, म्हणजे ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाही, ज्यांच्यासाठी पाणी सोडणारे कोणी उरले नाही, अशांसाठी अखेरचे पाणी सोडावयाचे असते. महाराष्ट्रात पिंडांच्या रांगेत एक धर्मपिंड याच हेतूने ठेवतात. घराण्याच्या नावापासून सुरू झालेला विधी नाव नसलेल्यांपर्यंत येऊन पोचतो. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथानेही गृहस्थाने ज्यांना सांभाळावे अशा पाचांत पितर, देव, अतिथी, आप्त आणि स्वतः असा क्रम लावला आहे. पितरांना तेथे ‘दक्षिण दिशेचे रहिवासी’ म्हटले आहे. दक्षिण ही पितरांची दिशा, हे मराठी घरातही लहान मुलाला ठाऊक असते. कावेरीकाठी जाऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या बाबतीत तर दक्षिण ही देशाचीही दिशा झाली आणि देवाघरचीही.

आज कुंभकोणमची जुनी मराठी कुटुंबे चेन्नई, बंगळूर, मुंबई आणि समुद्रापलीकडच्या गावी विखुरली आहेत. मोठ्या घरांची लहान बिऱ्हाडे झाली. चूल गेली, गॅस आला. पुरोहित मिळणे अवघड झाले. तिथीच्या दिवशी रजा मिळेलच असे नाही. अशा वेळी या परंपरेतले काय राखावयाचे, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. त्याचे उत्तर तीन शतकांच्या अनुभवात सापडते. पंचांग, मंत्र आणि पदार्थ यांत फरक पडला तरी दोन गोष्टी त्या घरांनी सोडल्या नाहीत. वर्षातून एकदा तीन पिढ्यांची नावे मुलांच्या कानी पडावयाची, आणि त्या दिवशी घराबाहेरचे कोणी तरी जेवावयाचे. अनेक कुटुंबे आता तिथीच्या दिवशी वृद्धाश्रमात वा अनाथ मुलांच्या वसतिगृहात जेवण घालतात. त्याला कोणी नवे म्हणो. एकनाथांच्या आणि अय्यावाळांच्या दृष्टीने ते नवे नाही.

अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी आश्विन शुद्ध प्रतिपदा. महाराष्ट्रात त्या दिवशी घट बसतात, आणि मुलीचा मुलगा आपल्या आईच्या वडिलांचे श्राद्धही त्याच दिवशी करतो. तंजावरकडे त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून तिच्यावर बाहुल्या मांडतात; त्याला कोलू म्हणतात. त्यांतल्या कित्येक बाहुल्या आजी-पणजीच्या हातच्या, वर्षभर जुन्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या असतात. काल जिच्या नावाने पाणी सोडले, तिचीच बाहुली आज नात पुसून वरच्या पायरीवर ठेवते, आणि शेजारच्या मुली ती पाहावयास येतात, तेव्हा त्यांच्या हाती खिरापत दिल्यावाचून कोणी त्यांना परत पाठवीत नाही.